फिरतीवरची संध्याकाळ: मुक्कामाच्या गावी होणाऱ्या या चुका टाळा

फिरतीच्या नोकरीत दिवस कसा गेला हे कार्यालयाला सांगावे लागते. संध्याकाळ कशी गेली हे मात्र कोणी विचारत नाही. फिरती कार्यक्रमात गावे आणि तारखा असतात, दैनंदिनीत किलोमीटर येतात, भत्त्याच्या देयकाला लॉजची पावती जोडली जाते. पण साडेसहा ते साडेदहा या चार तासांना कुठेच रकाना नसतो. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाच्या निमित्ताने मी अनेक वर्षे जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडलो, आणि दुसऱ्या दिवशीच्या कामात होणाऱ्या बऱ्याच चुकांचे मूळ आदल्या संध्याकाळी असते, असे माझे मत हळूहळू पक्के होत गेले. घरी संध्याकाळ आपोआप होते. चपला काढल्या जातात, चहा पुढे येतो, आतून कुकरची शिट्टी ऐकू येते आणि काम संपल्याची खूण घरच देऊन टाकते. लॉजच्या खोलीत ती खूण देणारे कोणी नसल्यामुळे काम ना धड चालू राहते, ना धड संपते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या एकाच अडचणीतून निघतात.

पलंगालाच टेबल करणे

तक्रार अशी असते की दिवसभर दमूनही आडवे झाल्यावर डोक्यात आकडे फिरत राहतात. अशा वेळी आधी पलंगाकडे पाहावे. साध्या लॉजमध्ये टेबल असतेच असे नाही, आणि असले तरी त्यावर टीव्ही, पाण्याचा जग आणि आपलीच बॅग असते. मग माणूस उशीला टेकून लॅपटॉप मांडीवर घेतो, आजूबाजूला कागद पसरतो, त्याच चादरीवर जेवणाचा डबा उघडतो आणि अकरा वाजता तेवढेच सगळे बाजूला सरकवून झोपायला पाहतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये निद्रानाशावर एक पद्धत मांडली. अंथरूण झोपेसाठीच वापरावे, झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे बसावे आणि पेंग आल्यावरच परत यावे, असा तिचा गाभा आहे. जागा आणि सवय यांची मनात जोडी जमते, हे त्यामागचे कारण आहे. पलंगावर रोज काम केले, तर पलंग दिसताच डोके कामाला लागते. निद्रानाशावर आज औषधाआधी सुचवल्या जाणाऱ्या उपचारांतही ही पद्धत टिकून आहे.

उपाय सोपा आहे, पण तो सामान वर नेण्यापूर्वी करावा लागतो. खोली घेताना काउंटरवरच एक खुर्ची आणि एक स्टूल मागून घ्यावे. खाली भोजनालय असलेल्या लॉजमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीला सहसा कोणी नाही म्हणत नाही. शासकीय विश्रामगृहात टेबल-खुर्ची बहुधा असते, फक्त आरक्षण आधी करावे लागते. काहीच मिळाले नाही, तर जेवणाची गर्दी सुरू होण्याआधी भोजनालयातच कोपऱ्यातले टेबल धरावे आणि गर्दी झाली की उठावे. तिथून उठावे लागते, हा मला तोटा न वाटता फायदाच वाटत आला आहे.

अहवाल रात्रीवर टाकणे

ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. पाच वाजता संस्थेतून निघताना वहीत पंचवीस-तीस त्रोटक नोंदी असतात: ‘पावती पुस्तक ४, दोन पाने कोरी’, ‘रोकड तफावत, सचिव म्हणतात उद्या’. त्या क्षणी सगळे स्वच्छ आठवत असते, म्हणून ‘रात्री निवांत लिहू’ असे वाटते. पण रात्री नऊ वाजता त्याच नोंदी वाचताना कोरी पाने कोणत्या महिन्यातली, तफावत मोजण्याआधीची की नंतरची, हे आठवेनासे होते. खुलासा करणारे सचिव आणि किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) दोन्ही आता वीस किलोमीटर मागे राहिलेले असतात. मग अंदाजाने लिहिणे किंवा सकाळी पुन्हा फोन करणे, एवढेच हाती उरते. मी दोन्ही केले आहे. एकदा अंदाजाने लिहिलेल्या एका वाक्यामुळे संपूर्ण परिच्छेद मागे घ्यावा लागला होता.

निघण्यापूर्वीची पंधरा मिनिटे या कामासाठी राखून ठेवावीत. दप्तर समोर असताना, त्याच टेबलावर बसून प्रत्येक त्रोटक नोंदीचे पूर्ण वाक्य करावे. शंका आली तर विचारायला माणूस समोर असतो. भाषा नीट करण्याचे काम नंतर झाले तरी चालते, वस्तुस्थिती मात्र जागेवरच लिहून झाली पाहिजे. एसटीत बसल्यावर लिहू, असे ज्यांना वाटते त्यांनी तालुक्याच्या रस्त्यावर एकदा प्रयत्न करून पाहावा.

मुक्कामी पोहोचल्यावर आणखी पाच मिनिटांचे एक काम असते, ते म्हणजे उद्याची यादी हाताने लिहिणे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांवर एक प्रयोग केला. झोपण्याआधी पाच मिनिटे काहींनी पुढच्या दिवसांत करायची कामे लिहिली, तर काहींनी झालेली कामे लिहिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर, असेही दिसले. अर्धवट राहिलेले काम मनात पुन्हा पुन्हा डोके वर काढते. कागदावर उतरले की मनाला ते धरून ठेवावे लागत नाही. म्हणून ‘उद्या सोसायटीचे राहिलेले पाहणे’ असे लिहून भागत नाही. ‘अकरा वाजता सचिवांकडून मार्चअखेरचे बँक जुळवणी पत्रक मागणे, नंतर कर्जरोखे क्रमाने तपासणे’ असे लिहावे. यादी झाली की वही बॅगेत, बॅग कपाटात. घरच्या कडीचे काम इथे कपाटाच्या दाराने करावे.

प्रत्येक टेबलावरचा चहा

फिरतीवर चहा मागावा लागत नाही. बँकेत एक, सोसायटीत दोन, ग्रामपंचायतीत एक आणि निघताना ‘घेऊनच जा’ म्हणून शेवटचा, असे दिवसाचे पाच कप सहज होतात. शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. म्हणजे संध्याकाळी साडेपाचला घेतलेल्या चहातील सुमारे अर्धे कॅफीन साडेदहाला शरीरात असते. एक कप कदाचित जाणवत नाही, पण पाचवा कप आधीच्या चारांवर चढलेला असतो. कोरा चहा घेऊनही यातून सुटका होत नाही, कारण दूध काढल्याने कॅफीन कमी होत नाही.

दुपारी तीननंतरचा चहा बंद करणे हा उपाय सर्वांना ठाऊक असतो. अडते ते नाही म्हणण्यापाशी. ‘आत्ताच झाला’ हे कारण आपल्याकडे कोणी मानत नाही, ‘मग अर्धा घ्या’ असे उत्तर येते. ‘रात्री झोप लागत नाही हो’ हे कारण मात्र लगेच मानले जाते, आणि त्याबदल्यात ताक किंवा सरबत पुढे येते.

रात्रीच्या जेवणाचेही असेच आहे. आग्रहाला मान द्यावाच, पण तो दुपारी द्यावा. यजमानांना आधीच सांगितले तर मोठे जेवण दुपारी ठेवता येते. रात्री आठच्या आत हलके जेवून शतपावली केली, की नवे गावही थोडे पाहून होते. दिवसाचा शीण घालवायला पेला हाती घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की मद्याने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते.

पहिल्या रात्रीकडून घरच्या झोपेची अपेक्षा ठेवणे

नव्या खोलीत पहिल्या रात्री झोप उथळ लागणे हा आपल्या प्रकृतीचा दोष नाही. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी, युका सासाकी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाचा काही अंश तुलनेने जागा राहतो, जणू पहाऱ्यावर बसल्यासारखा, आणि अपरिचित आवाजाला चटकन प्रतिसाद देतो. पुढच्या रात्री हा फरक दिसेनासा होतो.

यावरून दोन गोष्टी ठरवता येतात. पहिल्या रात्रीनंतरच्या सकाळी कठीण बैठक ठेवू नये. त्या सकाळी मोजणी, दप्तर ताब्यात घेणे, पावत्यांवर टिका मारणे अशी कामे घ्यावीत आणि वादाचे मुद्दे दुसऱ्या दिवशी काढावेत. दुसरे म्हणजे, एका गावी वारंवार जाणे असेल तर दरवेळी नवे लॉज शोधू नये. जमल्यास खोलीही तीच मागावी, आणि घरची उशीची खोळ बॅगेत ठेवावी; तिला वजन नसते.

झोप तरीही येत नसेल तर खोलीच तपासावी. एसटी स्टँडकडे तोंड असलेली खोली पहाटेच्या पहिल्या गाडीबरोबर उठवते, म्हणून मागची बाजू मागावी. पांढरी ट्यूबलाइट झोपेपर्यंत जळत ठेवण्याऐवजी तासभर आधी ती बंद करून न्हाणीघराचा दिवा लावावा आणि दार अर्धे लोटावे. वातानुकूलन १८ अंशांवर ठेवून दोन गोधड्या घेणाऱ्यांबद्दल काय बोलावे! झोपण्याच्या तास-दीड तास आधी गरम पाण्याने अंघोळ केली, तर त्वचेकडे रक्त वाहून नंतर शरीर आतून निवते आणि झोप लवकर येते. फक्त लॉजमध्ये गरम पाणी संध्याकाळी येते की सकाळीच, हे काउंटरवर विचारून घ्यावे.

रात्रीच्या गाडीने दिवस ‘वाचवणे’

सिद्धेश्वर एक्सप्रेसने सोलापूर, महालक्ष्मीने कोल्हापूर, विदर्भ एक्सप्रेसने नागपूर, अशी रात्रीच्या प्रवासाची सोय मोठी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. चूक होते ती हिशेबात. रेल्वेच्या नियमानुसार झोपण्यासाठी रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ धरलेली आहे. पण त्यात स्थानके येतात, शेजारचे प्रवासी चढतात-उतरतात आणि आपले स्टेशन चुकेल या धास्तीने माणूस अर्धा जागाच असतो. वाचलेला दिवस मग त्याच संध्याकाळी परत द्यावा लागतो, कारण सातला डोळे मिटू लागतात आणि तेव्हा झोपलेला माणूस अकराला टक्क जागा होतो. अशा दिवशी दुपारच्या जेवणानंतर वीस मिनिटांची वामकुक्षी घ्यावी, गजर लावूनच घ्यावी, आणि संध्याकाळी मात्र नेहमीच्या वेळेपर्यंत तग धरावा.

पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. गोंदिया मुंबईपेक्षा सुमारे सात अंश रेखांश पूर्वेला आहे, त्यामुळे घड्याळ तेच असूनही तिथे सूर्य साधारण अर्धा तास आधी मावळतो. मुंबईच्या सवयीने सहापर्यंत क्षेत्रभेट ठरवली, तर डिसेंबरात ती अंधारात संपते.

फोनला वेळ न नेमणे

घरी बोलण्याची वेळ ठरलेली नसली, की संध्याकाळभर फोन हाताशी राहतो आणि त्यातून बाकी सगळे आत शिरते. आठ ते साडेआठ ही वेळ घरच्यांशी ठरवून टाकावी. मुलांनाही ती पाठ होते. कार्यालयाच्या गटावर ‘नऊनंतर निरोप सकाळी पाहीन, तातडीचे असल्यास फोन करावा’ एवढे एकदा कळवावे. पुण्याहून जर्मनीला कामासाठी जाणाऱ्यांना हे आणखी लागू पडते: उन्हाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेतीन तासांचे अंतर असते, म्हणजे पुण्यात सकाळी नऊला पाठवलेला निरोप तिथे पहाटे साडेपाचला वाजतो, आणि जूनमध्ये हॅम्बुर्गला सूर्य पावणेदहानंतर मावळत असल्याने आदली रात्रही लांबलेली असते. तिथे जाड पडदा आणि मूक फोन, दोन्ही लागतात.

रात्री दोनला घड्याळ पाहणे

एवढे करूनही मध्यरात्री जाग आली, तर घड्याळ पाहू नये, कारण किती तास उरले याची बेरीज सुरू झाली की झोप आणखी दूर जाते. अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसावे, न्हाणीघराच्या उजेडात छापील काहीतरी वाचावे, आणि पेंग आल्यावर परत आडवे व्हावे. खोलीत दुसरे काही नसेल तर रेल्वेचे जुने वेळापत्रकही चालते; मला त्याने अनेकदा अकोल्याच्या पुढे जाऊ दिलेले नाही. गजर मात्र नेहमीच्याच वेळेचा ठेवावा आणि वाजल्यावर उठावे, म्हणजे पुढच्या रात्रीची झोप वेळेवर येते.