बालपुस्तकाची चित्रं: कोऱ्या डमीपासून करारापर्यंत

गोष्ट हातात आली की लगेच रंग काढू नका. आधी डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची नमुना वही, करा. ए-फोरचे आठ कोरे कागद एकत्र दुमडून घडीवर दोन पिना मारल्या की ३२ पानांची वही तयार होते. पहिलं पान शीर्षकाचं, दुसरं प्रकाशकाच्या माहितीचं. चौथ्या पानापासून एकतिसाव्यापर्यंत समोरासमोरच्या पानांच्या १४ जोड्या मिळतात. तिसरं पान सुरुवातीला, बत्तिसावं निरोपाला.

मजकुराची प्रिंट काढा, कात्रीनं वाक्यं सुटी करा आणि जोड्यांवर चिकटवून मोठ्यानं वाचा. जिथे मूल ‘मग काय झालं?’ विचारेल ते वाक्य उजव्या पानाच्या तळाशी हवं, उत्तर पान उलटल्यावर. एका जोडीवर गर्दी आणि पुढच्या तीन ओस असं दिसलं तर संपादकाशी तेव्हाच बोला. रंगवून झाल्यावर मजकूर हलला तर चित्र पुन्हा पहिल्यापासून काढावं लागतं.

चित्रानं वाक्याची नक्कल करू नये. ‘आजोबा दुसरी चप्पल शोधत होते.’ चित्रात आजोबा खाटेखाली वाकलेत, पण दारामागून पिल्लाची शेपटी आणि चपलेचा अंगठा डोकावतोय. ज्याला अजून वाचता येत नाही ते मूल मोठ्यांच्या आधी चोर पकडतं. बालपुस्तकातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि ते फक्त चित्रकारच करू शकतो.

मग पात्रांचा तक्ता: समोरून, बाजूनं, पाठमोरं आणि चार-पाच हावभाव. भांग कुठल्या बाजूला, दप्तर कुठल्या खांद्यावर, फ्रॉकला किती बटणं, सगळं लिहून ठेवा. सातव्या पानावर डावीकडे असलेलं दप्तर अकराव्यावर उजवीकडे गेलं तर मुलं हमखास बोट ठेवतात.

मजकुराची जागा कच्च्या चित्रातच राखा, आणि ती ऐसपैस राखा. देवनागरीत वर वेलांटी-रफार, खाली उकार. ओळींमधलं अंतर कमी पडलं की वरच्या ओळीतल्या ‘कू’खाली खालच्या ओळीतली ‘र्की’ अडकते. अक्षरांमागे गवत, पानं, विटा असं बारीक काम नको, सपाट फिका रंग हवा. मजकूर चित्रावर हातानं लिहू नका. तो वेगळ्या लेअरवर आणि फक्त काळ्या शाईत असला की हिंदी किंवा कन्नड आवृत्तीला काळ्या शाईची छपाई-प्लेट तेवढी बदलते. छपाईच्या चार शाया (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) मिसळून केलेलं काळं अक्षर छपाईत जरा सरकलं तरी कडेला रंगीत सावली दिसते.

चित्र छपाईच्या सव्वापट काढलं तर लहान होताना रेषा सुबक होते. कटिंगसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्त रंगवा. चेहरा, हात, अक्षरं कडेपासून किमान १० मिलिमीटर आत ठेवा. घडीवर चेहरा कधीच नको. सेंटर पिनच्या, म्हणजे घडीवर पिना मारलेल्या, ३२ पानी पुस्तकात १६-१७ हीच जोडी एका अखंड कागदावर येते. बाकीच्या जोड्यांत दोन पानांवरची रेषा थोडी सरकू शकते. घडीवरून जाणारी नदी किंवा लांब भिंत १६-१७वरच घ्या, फक्त पिनांची जागा सोडून.

छापील आकाराला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) भरेल असं स्कॅन करा. झगझगीत गुलाबी आणि पोपटी रंग चार शायांत मळकट उतरतात, म्हणून कलर प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा रंगीत नमुना, मागाच.

नवं काम मिळवायला दहा-बारा चित्रं पुरतात, पण त्यात एकच मूल सलग तीन प्रसंगांत दिसायला हवं. एकेकट्या देखण्या चित्रावरून पुस्तक पेलेल की नाही हे संपादकाला कळत नाही. मुलांच्या दिवाळी अंकांसाठी नमुने पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवा.

करार चित्रं सुरू करण्याआधी. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याकडे जाऊ शकतो. हक्क तुमचे असून लेखी सोपवले, पण मुदत लिहिली नाही, तर कलम १९ पाच वर्षं धरतं; प्रदेश लिहिला नाही तर भारत. मानधनाचे तीन हप्ते मागा: सही झाल्यावर, कच्ची चित्रं मंजूर झाल्यावर आणि अंतिम चित्रं दिल्यावर. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, त्याही कच्च्या चित्रांवर. आणि मूळ चित्रं किती दिवसांत परत मिळतील, ती तारीख करारातच घाला.