पिकलेली गाठ: पू आधी, पिशवी नंतर

पाठीवर, मानेवर, कानामागे, गालावर वर्षानुवर्षं एखादी वाटाण्याएवढी गाठ असते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बघतही नाही. मग एखाद्या आठवड्यात ती लाल होते, सुजते, ठणकायला लागते आणि माणूस आमच्या दारात येतो. मी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ड्रेसिंगच्या खोलीत परिचारिका आहे. चीर डॉक्टर देतात. त्यानंतर रोज जखम धुणं, गॉज भरणं, पट्टी बांधणं हे माझ्याकडे. आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगते, की पू काढणं आणि गाठ काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. हे कळलं नाही, तर सहा महिन्यांनी तीच गाठ परत आली की लोकांना वाटतं, डॉक्टरांनी नीट केलं नाही.

ही गाठ म्हणजे कातडीखाली तयार झालेली बंद पिशवी. बहुतेक वेळा केसाच्या मुळाचं तोंड बुजतं आणि कातडीचा वरचा थर आत वळून तिचं अस्तर बनतो. अंगावरच्या मेलेल्या पेशी एरवी आंघोळीत निघून जातात. इथे त्या आतच साठत राहतात. दाबल्यावर शिळ्या खव्यासारखा, वास मारणारा जो ऐवज बाहेर येतो, तो हाच. तो पू नव्हे. ते केराटिन आहे, ज्यापासून नखं बनतात ते. पिशवी आत आहे तोवर ते तयार होतच राहणार.

ओळखायची कशी? बोट फिरवून बघा. गाठ गोल, गुळगुळीत, खालच्या मांसावर हलणारी असते, पण वरची कातडी एका जागी तिला चिकटलेली असते. नीट उजेडात पाहिलं तर तिथेच एक बारीक काळा ठिपका दिसतो. बुजलेलं तोंड ते हेच. चरबीची गाठ मऊ असते, तिला असा ठिपका नसतो आणि ती सहसा पिकत नाही. डोक्यावरच्या आवाळूंना मात्र बहुधा ठिपका नसतो; त्या एकापेक्षा जास्त असतात आणि पुष्कळदा आईला असतात तशाच मुलालाही होतात.

पिकलेली गाठ ओळखायला शिक्षण लागत नाही. कातडी लाल, गरम, ताणून चकाकणारी. हात लावू देत नाही इतका ठणका. आणि मध्यभागी लिबलिबीत लागायला लागलं, की आत पू धरलाय. सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही. तिथे हाताची पालथी बाजू लावून ऊब बघायची आणि शेजारच्या कातडीशी ताडून पाहायची. एक गोष्ट मात्र खरी, की लाल झालेली प्रत्येक गाठ जंतूंमुळेच सुजलेली नसते. पिशवी आतल्या आत फुटली, केराटिन मांसात सांडलं, तरी शरीर चवताळून उठतं आणि बाहेरून चित्र तेच दिसतं. म्हणून प्रत्येकाला अँटिबायोटिक लागत नाही, आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या पाच गोळ्यांनी बहुतेकांचं काहीच साधत नाही.

सारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गोष्टीही असतात. केसतोड दोन-तीन दिवसांत नव्यानं उगवतो, आधी तिथे गाठ नसते. मानेच्या मागे चाळणीसारखी अनेक तोंडं असलेला कडक, रुंद फोड म्हणजे काळपुळी. तिच्यामागे बहुतेक वेळा मधुमेह असतो आणि तिला एक दिवसही घरी ठेवू नये. काखेत पुन्हा पुन्हा येणारी काखमांजरी हा वेगळा आजार आहे. माकडहाडाजवळ, दोन ढुंगणांच्या खाचेत वाहणारं छिद्र हेही वेगळं. तासन्‌तास बसून गाडी चालवणाऱ्यांत आम्ही ते बरंच बघतो. मानेच्या बाजूला हळूहळू वाढलेली, न दुखणारी, गरम नसलेली गाठ क्षयाची असू शकते. तिला चीर देण्याआधी तपासणी हवीच. आणि लहान बाळाच्या नाकाच्या मुळाशी किंवा डोक्याच्या बरोबर मधोमध गाठ असेल, तर तिला कुणालाही हात लावू देऊ नका. ती आत कवटीपर्यंत गेलेली असू शकते. स्कॅन करून मोठ्या रुग्णालयातच ती काढतात.

आता सगळ्यात कळकळीचं. दाबू नका. “सिस्टर, जरा दाबून काढा ना, मोकळं वाटेल,” असं रोज कुणीतरी म्हणतं. दाबल्यावर थोडा ऐवज ठिपक्यातून बाहेर येतो आणि उरलेला फुटलेल्या पिशवीतून आत पसरतो. संध्याकाळपर्यंत गाठ दुप्पट. सुई तापवून टोचणंही तेच. बिब्ब्याचं तर मी किती पाहिलं आहे! शेतात काम करणारी एक बाई आली होती. ब्लाऊजच्या हुकाखाली लिंबाएवढी गाठ, आणि तिच्याभोवती तळहाताएवढी कातडी बिब्ब्यानं भाजून फोड आलेले. गाठीपेक्षा त्या भाजलेल्या जागेच्या पट्ट्या जास्त दिवस चालल्या. चुना, टूथपेस्ट, स्टिरॉइडची मिसळ असलेली गोरं करणारी ट्यूब, यांतलं काहीही लावू नका. स्टिरॉइडनं लाली दबते आणि आत जंतू वाढत राहतात.

घरी करण्यासारखं आहे ते शेक. स्वच्छ सुती फडकं सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळायचं, गाठीवर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, गार झालं की पुन्हा बुडवायचं. दिवसातून तीन-चार वेळा. ज्यांना मधुमेहामुळे अंगाला चटका कळत नाही, त्यांचं पाणी घरातल्या दुसऱ्यानं हात घालून बघावं. दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालते. गाठ आपोआप फुटली तर वाहू द्या, साबणानं धुऊन वर कोरडं गॉज ठेवा. टॉवेल वेगळा. आणि लालीच्या कडेनं बॉलपेननं एक रेघ ओढून शेजारी वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या बाहेर गेली असेल, तर शेक बंद करून दवाखाना गाठायचा. ही रेघ आम्हालाही फार उपयोगी पडते.

दोन दिवसांत उतार नसेल, आत पू लागत असेल, तरी दाखवाच. पण थंडी वाजून ताप, गाठीपासून वर चढणारी लाल रेघ, डोळ्याजवळ, नाकावर किंवा वरच्या ओठावर सूज, दिसण्याच्या मानानं फारच जास्त दुखणं, कातडी काळी-निळी पडणं, यांतलं एकही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी निघा. मधुमेही, डायलिसिसवरचे, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड चालू असलेले, यांनी घरी वाट बघूच नये.

दवाखान्यात आधी साखर तपासतात. इथेच पहिल्यांदा मधुमेह कळलेली माणसं थोडी नाहीत. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे का, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं, हे न विचारताही सांगा. मग बधिर करून चीर देतात. सुजलेल्या जागी बधिरतेचं औषध पुरतं चढत नाही, त्यामुळे थोडं दुखतं. ते आधी माहीत असलेलं बरं. पू निघाला की ठणका त्याच रात्री उतरतो. जखमेला टाके घालत नाहीत. ती तळापासून भरून यायला हवी; वरून आधी मिटली तर आत पुन्हा पू साचतो. म्हणून पोकळीत गॉजची पट्टी ठेवतात, सैल, ठासून नव्हे.

ड्रेसिंगला येताना दोन गोष्टी पाळा. आदल्या दिवशीचं गॉज सुकून चिकटलं असेल तर घरी ओढू नका. सलाईन ओतून पाच मिनिटं थांबलं की ते अलगद सुटतं. आणि रोज हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस काढायचा आग्रह धरू नका. त्यानं नवं लाल मांस दुखावतं. सलाईन पुरतं. जखम बारकी असेल तर आठ-दहा दिवसांत भरते, खोल असेल तर तीन-चार आठवडे लागतात. साखर चढी असली तर त्याहून जास्त.

जखम भरली, दुखणं थांबलं, की लोक येणं बंद करतात. पण पिशवी अजून आतच असते. सूज पूर्ण उतरल्यावर, साधारण चार-सहा आठवड्यांनी, त्या ठिपक्यासकट आणि अख्ख्या अस्तरासकट ती काढायची असते. सूज असताना अस्तर फाटकं, मांसाला चिकटलेलं असतं, तुकडे मागे राहतात. म्हणून घाई करत नाहीत. छोटंसं काम असतं, त्याच दिवशी घरी सोडतात. चेहऱ्यावरचे टाके पाच ते सात दिवसांनी निघतात, पाठीवरचे दहा ते चौदा. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, तेव्हा खर्चासाठी थांबू नका. शेवटच्या ड्रेसिंगच्या दिवशीच केसपेपरवर ऑपरेशनची तारीख लिहून घ्या. काढलेली गाठ तपासणीला पाठवली आहे का ते विचारा, आणि टाके काढायला याल तेव्हा तो रिपोर्ट मागून घ्या.