मृगाआधी वेल्डिंगची कामं उरकून घ्या

मृग लागायच्या आठवड्यात गावातल्या वेल्डिंगवाल्यापुढे वखर, डवरे आणि ट्रॉल्यांची रांग असते. आपला नंबर लागेपर्यंत वाफसा निघून जातो. फाटकाची बिजागरी, ट्रॉलीची कडी, वखराच्या जानोळ्याला गेलेली चीर एवढी कामं मे महिन्यात घरी जमू शकतात.

नवशिक्याने सिंगल फेजवर चालणारी 200 अँपिअरची इन्व्हर्टर आर्क मशीन घ्यावी. जोडावर गॅस सोडणारी मिग मशीन वावरात चालत नाही, वारा गॅस उडवून नेतो आणि जोडाला भोकं पडतात. 6013 नंबरचे रॉड घ्या: 3-4 मिमी पट्टीसाठी 2.5 मिमीचा रॉड आणि साधारण 70 ते 90 अँपिअर, जाड लोखंडाला 3.15 मिमीचा रॉड आणि 100 ते 130. 7018 चा जोड मजबूत खरा, पण तो रॉड ओल धरतो, भट्टीत सुकवूनच वापरावा लागतो. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या लोहा ओळीत हे सगळं सामान मिळतं. मशीनवर दोन पैसे वाचले तरी चालतील, वायर आणि हेल्मेटवर वाचवू नका.

वायरचं सांगतो. पंपाच्या खोलीपासून बारीक एक्स्टेन्शन ओढलं की व्होल्टेज पडतं, रॉड चिकटतो आणि आपण रॉडला शिव्या घालतो. 4 चौरस मिमीची तांब्याची वायर घ्या, पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळीत राहिली तर ती तापते. अर्थचा चिमटा गंजावर लावू नका. ग्राइंडरने जागा पांढरी करून, जोडाजवळच लावा. जोडायची चीरही तशीच घासा, जाड पट्टीला व्ही आकाराची खाच पाडा. निम्मं काम तिथेच होतं. ओतीव लोखंड मात्र या रॉडने टिकत नाही, ते जाणकाराकडे न्या.

आधी भंगारातल्या अँगलवर दहा-बारा रॉड जाळा. रॉड लोखंडापासून रॉडच्याच जाडीएवढा वर धरा. सलग चरचर ऐकू आली की समजा बरोबर चाललंय. वरची खपली हातोडीने काढून मगच दुसरा थर द्या.

पहिल्या वर्षी मी साधा गॉगल लावून फाटक जोडलं. रात्री डोळ्यांत वाळू कोंबल्यासारखं झालं, सकाळपर्यंत उशी ओली होती. तेव्हापासून हेल्मेटला 10-11 नंबरची काळी काच असल्याशिवाय मशीनला हात लावत नाही.

नागपूरचा मे म्हणजे घामाने भिजलेले हातमोजे, आणि ओल्या हातमोज्यांतून शॉक लागतो. काम सकाळी सहा ते नऊ उरका, कोरड्या फळीवर उभे राहा, सुती पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. ट्रॅक्टरवर जोड देताना बॅटरीची वायर आधी सोडा. डिझेलची टाकी रिकामी असली तरी तिला हात लावू नका. गॅल्व्हनाइज्ड पाइपचा धूर अंगात ताप आणतो. जोडाच्या जागेचं जस्त घासून काढा, वाऱ्याकडे पाठ नको, बाजू करून बसा.

कामाच्या जागेभोवतीचं गवत आधीच काढा, दोन बादल्या पाणी जवळ ठेवा. आणि आटोपलं की लगेच घरी जाऊ नका. अर्धा तास सावलीत बसून पऱ्हाटीच्या ढिगाकडे लक्ष ठेवा, आत शिरलेली ठिणगी बराच वेळ नुसती धुमसत राहते.