चर्चच्या सॉफ्टवेअरमधली जुनी लॉगिन कशी काढायची

कोल्हापुरात बघा, चर्चच्या रेकॉर्डचं काम बहुतेक तरुण पोरंच करतात आणि तीच पुढं नोकरीला पुण्या-मुंबईला जातात, पण त्यांचं लॉगिन तसंच चालू राहतं, त्यात सभासदांचे फोन, पत्ते, दानाचे आकडे सगळं दिसतंय, ही लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती आहे राव.

म्हणून वर्षातनं एकदा युजर लिस्ट काढा आणि लास्ट लॉगिनची तारीख बघा, सहा महिने कोण आलंच नसेल तर आधी फोन करून विचारा. मग डायरेक्ट डिलीट मारू नका, इनअ‍ॅक्टिव्ह करा, म्हणजे नाव राहतं पण लॉगिन बंद होतं, कारण काही सॉफ्टवेअरमध्ये युजर उडवला की पावती कुणी केली ते नावच जातं आणि ट्रस्टच्या ऑडिटला तेच लागतं. जुन्या खजिनदाराच्या मेलवर दर महिन्याला आपोआप रिपोर्ट जात असेल तर तोही बंद करा, हे हमखास राहतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लॉगिन वेगळं नि सभासदाची नोंद वेगळी. माणूस गाव सोडून गेला तरी बाप्तिस्मा, लग्नाच्या नोंदीला हात लावायचा नाही, उद्या दाखला मागायला तो इथंच येणार. अ‍ॅडमिन, म्हणजे ही लॉगिन चालू-बंद करणारा माणूस, मात्र दोघं ठेवा, एक गाव सोडून गेला तरी दुसरा असतो.