मिस्सा, कॉफी आणि तो एक तास: कधी प्यायची, कधी थांबायचं

रविवारी सकाळी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, निघताना घरात कोणीतरी विचारतंच, कॉफी घेतली तर कम्युनियन (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) चालेल का? वसईपासून बांद्र्यापर्यंत, गोव्यात, आणि आता अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांतही, या प्रश्नाची इतकी वेगवेगळी उत्तरं ऐकायला मिळतात की शेवटी माणूस घाबरून एकतर उपाशी तरी जातो नाहीतर कम्युनियनच घेत नाही. दोन्हीची गरज नाही. सगळा गोंधळ होतो कारण कॅथलिक चर्चमध्ये उपास दोन प्रकारचे आहेत आणि कॉफीच्या बाबतीत त्यांचे नियम एकमेकांच्या बरोबर उलट आहेत. कम्युनियनच्या आधीचा जो एक तासाचा उपास असतो त्यात काळी कॉफीसुद्धा चालत नाही. राखेचा बुधवार (इस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेचा जो दिवसभराचा उपास असतो त्यात मात्र कॉफी चालते. एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम झालं. (आपल्याकडे चहावालेच जास्त, तर जे कॉफीला लागू तेच चहाला.)

आधी एक तासवाला नियम बघू. चर्चच्या कायद्यात, म्हणजे १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, ९१९ नंबरचं कलम आहे, त्यात म्हटलंय की कम्युनियन घेण्याआधी किमान एक तास काही खायचं-प्यायचं नाही, फक्त पाणी आणि औषध चालतं. आता इथे नीट लक्ष द्या, तो तास मिस्सा सुरू होण्याच्या वेळेपासून मागे मोजायचा नाही, प्रत्यक्ष कम्युनियन घेण्याच्या वेळेपासून मागे मोजायचा. फरक मोठा आहे. रविवारची सातची मिस्सा, गायनमंडळ आहे, प्रवचन आहे, म्हणजे कम्युनियन यायला साधारण पावणेआठ होतात, तर पावणेसातपर्यंत कॉफी संपवलीत तरी तुम्ही नियमात आहात, पहाटे पाचला उठून पिऊन ठेवायची काही गरज नाही. पण रोजची सकाळची मिस्सा अर्ध्या तासात आटपते, कम्युनियन विसाव्या मिनिटालाच येतं, तिथे साडेसहाच्या मिस्सेसाठी पावणेसहालाच कप खाली ठेवलेला बरा. आणि इस्टरच्या आदल्या रात्रीचा विधी इतका लांब असतो की घरून निघताना कॉफी घेतली तरी कम्युनियनपर्यंत तास सहज उलटून गेलेला असतो. फक्त चर्चच्या दारापर्यंत कप हातात घेऊन जाऊ नका, नियमात बसलं तरी ते बरं दिसत नाही.

कॉफी म्हणजे सगळी कॉफी. बिनदुधाची, बिनसाखरेची, डिकॅफ, सगळी त्यात आली, कारण सूट फक्त पाण्याला आहे. लिंबू पिळलेलं किंवा फ्लेवरवालं पाणीसुद्धा साधं पाणी धरू नका. गोळी घ्यायची असेल तर पाण्याबरोबर घ्या, गोळीला सूट आहे म्हणून तिच्यासोबत कॉफीला सूट मिळत नाही. दात घासणं, गुळण्या करणं याने काही होत नाही, ते खाणंपिणं नाहीच.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो, आणि हे कृपा करून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा. त्याच ९१९ कलमाच्या तिसऱ्या भागात स्पष्ट लिहिलंय की वयस्क माणसं, आजारी माणसं आणि त्यांची काळजी घेणारी माणसं, यांनी त्या तासाच्या आत काही खाल्लं-प्यायलं असलं तरी ती कम्युनियन घेऊ शकतात. वयाचा आकडा कायद्यात दिलेला नाही. म्हणजे सत्तरीची मावशी, जिला सकाळी काही पोटात गेल्याशिवाय गरगरतं, तिने कॉफी-बिस्कीट खाऊन यावं आणि खुशाल रांगेत उभं राहावं. रात्रभर वडिलांच्या उशाशी जागून सकाळी थेट चर्चला आलेल्या मुलीलाही हीच सूट. तरी कित्येक चर्चमध्ये दिसतं ते असं की बाकावरची सगळी ओळ कम्युनियनला उठते आणि एक म्हातारी बाई गुडघे बाजूला वळवून सगळ्यांना वाट करून देते, स्वतः बसून राहते, हातात जपमाळ, नजर खाली, आणि विचारलं तर म्हणते आज चहा घेतला होता बाळा. मला याचं फार वाईट वाटतं. चर्चने जिच्यासाठी मुद्दाम दार उघडं ठेवलंय ती दाराबाहेर बसते कारण कोणी तिला सांगितलंच नाही. डायबेटिसवाल्यांनी तर उपाशी राहण्याचा धोका अजिबात पत्करू नये.

या माणसांची भीती कुठून आली तेही समजून घ्यायला हवं, म्हणजे आपण त्यांना समजवताना तुच्छतेने बोलणार नाही. त्यांच्या किंवा त्यांच्या आईवडिलांच्या लहानपणी नियमच तसा होता. मध्यरात्रीपासून कम्युनियनपर्यंत काही म्हणजे काही नाही, पाण्याचा घोटही नाही. १९५३ मध्ये पोप पायस बारावे यांनी पाण्याने उपास मोडत नाही असं ठरवलं, १९५७ मध्ये त्यांनीच मध्यरात्रीची अट काढून जेवणासाठी तीन तास आणि बिनदारूच्या पेयांसाठी एक तास असं केलं, म्हणजे आजचा कॉफीचा एक तास खरं तर तेव्हापासूनचा. मग २१ नोव्हेंबर १९६४ ला पोप पॉल सहावे यांनी खाण्यालाही एकच तास केला. ज्या पिढीने तहान मारून पहिलं कम्युनियन घेतलं तिच्या अंगात ती शिस्त मुरली आहे, तिचा मान ठेवून सांगा.

आणि तुम्ही चुकून उशिरा प्यायलात तर? म्हणजे धडधाकट आहात, कोणतीही सूट नाही, आणि चर्चमध्ये बसल्यावर आठवलं. घाबरू नका. दोन-चार मिनिटं कमी पडत असतील तर मागच्या बाकावर बसा आणि रांगेत शेवटी जा, मोठ्या चर्चमध्ये तेवढ्यात पाच-सात मिनिटं जातात. अर्धा तासच झाला असेल तर त्या दिवशी कम्युनियन घेऊ नका, जागेवर बसून मनातल्या मनात येशूला बोलवा, याला आध्यात्मिक कम्युनियन म्हणतात आणि ते जुन्या काळापासून मान्य आहे. रविवारची मिस्सा तुमची पूर्ण धरली जाते, कारण बंधन मिस्सेला हजर राहण्याचं आहे, दर वेळी कम्युनियन घेण्याचं नाही. कॉफी झाली म्हणून मिस्साच चुकवली असं मात्र करू नका.

आता दुसरा उपास, दिवसभराचा. हा वर्षातून दोनच दिवस बंधनकारक आहे, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ५९ वा वाढदिवस होईपर्यंत हा लागू होतो, मांस न खाण्याचा नियम १४ पूर्ण झाल्यापासून. एकदा पोटभर जेवण, आणि बाकी दोन वेळा थोडंसं काही, एवढीच मुभा. पण इथे मोजलं जातं ते खाणं, पिणं नाही, पेयाने हा उपास मोडत नाही असा जुना नियम आहे. म्हणून काळी कॉफी बिनधास्त, आणि चमचा-दोन चमचे दूध घातलेली नेहमीची कॉफीपण चालते. मोठा ग्लासभर दूध, मिल्कशेक, आईस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफी हे मात्र सरळ खाणंच आहे, पेय म्हणून त्याची पळवाट काढू नये. हा वाद आजचा नाहीये, सतराव्या शतकात युरोपात पातळ चॉकलेटने उपास मोडतो का यावर धर्मपंडित वर्षानुवर्षं भांडत होते, १६६४ मध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी मोडत नाही असं लिहिलं तरी वाद चालूच राहिला.

गुड फ्रायडेला एक गंमत म्हणा किंवा गुंता म्हणा, दोन्ही उपास एकत्र येतात. त्या दिवशी मिस्सा नसते पण दुपारच्या विधीत कम्युनियन देतात. म्हणजे सकाळी कॉफी चालेल, पण कम्युनियनच्या आधीच्या तासात नाही. तीनचा विधी असेल तर वाचन, प्रार्थना, क्रुसाला वंदन हे सगळं होऊन कम्युनियन शेवटी येतं, तेव्हा घरून निघण्याआधीच कप संपवलात तर अडचण येत नाही. बाकीच्या शुक्रवारी मांसाचं काय करायचं हे त्या त्या देशाची बिशप परिषद ठरवू शकते, तर आपल्या पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्ये, विचारा.

प्रायश्चित्तकाळात कॉफीच सोडायची असं बरेच जण ठरवतात. चांगली गोष्ट आहे, पण हा तुमचा स्वतःचा निश्चय आहे, चर्चचा हुकूम नाही, एखाद्या दिवशी मोडला तर पाप केलं म्हणून रडत बसू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजले तर ४६ दिवस होतात, त्यातले सहा रविवार वगळून चाळीस, म्हणून रविवारी कॉफी घेतली तर चालेल का हे सुरुवातीलाच ठरवून टाका, नाहीतर मध्येच मन पळवाटा शोधतं. आणि रोज तीन-चार कप पिणाऱ्याने एकदम बंद करू नये. कॅफिन अचानक थांबलं की साधारण १२ ते २४ तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि ते आठवडाभरही चालू शकतं. मग घरातल्यांवर ओरडणं सुरू होतं, आणि असला त्याग घरच्यांच्याच वाट्याला येतो. आठवडाभर आधी एकेक कप कमी करत या. वाचलेले पैसे डब्यात टाका आणि इस्टरच्या आधी गरजूंना द्या, उपास आणि दान ही जोडी जुनी आहे.

अजून एक, फादरांसाठी. रविवारी एकामागून एक दोन-तीन मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूला मधल्या वेळात काही घ्यायची कायद्यातच परवानगी आहे, तास भरत नसला तरी. म्हणून पहिल्या मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत (फादर तयार होतात त्या खोलीत) कॉफीचा कप नेऊन द्यायला संकोच करू नका.

सिरो-मलबार (मूळ केरळचं) किंवा इतर पूर्वेकडच्या परंपरेच्या कॅथलिक चर्चचे लोक असाल तर तुमचा कायदा वेगळा आहे, कल्याण वगैरे भागात तशी बरीच कुटुंबं आहेत, त्यांनी आपल्या फादरांनाच विचारावं.

राहिलं मिस्सेनंतरचं. कम्युनियन घेतल्यावर किती वेळाने कॉफी प्यायची याचा कायदा नाही. पण पंधरा मिनिटं तरी शांत बसून आभार मानायची जुनी पद्धत आहे आणि ती मला मनापासून पटते, आशीर्वाद संपताच हॉलमधल्या चहा-कॉफीच्या टेबलाकडे धावू नये. शेवटचं गाणं संपू दे, थोडा वेळ गुडघे टेका, मग जा, कॉफी तोपर्यंत संपत नाही आणि संपली तर घरी करता येते.