ठाण्यात चिंचिला पाळताय? खर्चाच्या हिशेबातल्या या चुका टाळा

विकणारा प्राण्याची आणि पिंजऱ्याची किंमत सांगतो, विजेच्या बिलाचं नाव काढत नाही. चिंचिला हा कुरतडणारा, दाट केसांचा छोटा प्राणी, मूळचा दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातला, थंड कोरड्या हवेचा. केसांच्या एकेका मुळातून पन्नासहून जास्त केस निघतात, घाम येत नाही. 16 ते 21 अंश त्याला मानवतात, 25 च्या वर धोका सुरू होतो. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये एवढा गारवा मिळाला तर जानेवारीच्या पहाटे.

एसी फक्त रात्री लावणे

तुम्ही ऑफिसात असता तेव्हाच खोली तापते. एक टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला सरासरी अर्धा युनिट खातो असं धरलं तरी चोवीस तास चालवून दिवसाचे 12 आणि महिन्याचे 360 युनिट होतात. घरचा वापर आधीच 200 असेल तर बेरीज 560. म्हणजे 300 ते 500 चा महाग टप्पा पूर्ण भरला आणि वरचे 60 त्याहून महाग टप्प्यात गेले. आपल्या बिलावरचे दर घालून हा आकडा आधी काढा. झेपत नसेल तर हा प्राणी आणूच नका. झेपत असेल तर घरातली सगळ्यात लहान खोली निवडा, पश्चिमेची खिडकी जाड पडद्याने झाका.

कूलरवर भागवणे

कूलर हवेत ओल सोडतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. नुसता पंखाही कामाचा नाही, कारण वाऱ्याने सुकायला अंगावर घामच नसतो. जुलैत खोली 26 अंशांवर असली तरी आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते; दाट केसांत ओल राहून बुरशी धरते. आर्द्रतामापक लावा, 60 च्या खाली ठेवा.

घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. वीज गेल्यावर उपयोगी पडतो तो ओट्याच्या कामातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा: दोन ठेवा, एक पिंजऱ्यात, एक फ्रीजमध्ये, आलटून पालटून. कान लालबुंद झाले, प्राणी आडवा पडून धापा टाकू लागला तर कानांना गार ओला कपडा लावत डॉक्टरकडे न्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

धूळ आणि गवत

अंघोळ पाण्याने नाही, ज्वालामुखीच्या बारीक धुळीने. बांधकामाची रेती किंवा टाल्कम पावडर चालत नाही. जड स्टीलच्या पातेल्यात दोन बोटं धूळ, आठवड्यातून दोन-तीनदा, 10-15 मिनिटं. मग पातेलं बाहेर काढा, नाहीतर त्यातच लघवी होते. मैद्याच्या चाळणीने चाळून तीच धूळ काही वेळा वापरता येते.

टिमोथी गवत, म्हणजे त्याचं रोजचं सुकं खाणं, महिन्याला साधारण एक किलो लागतं. स्वस्त पडतं म्हणून जूनमध्ये पाच किलोचं पोतं घेतलं तर गणपतीपर्यंत त्याला बुरशीचा वास येतो. मनुका, शेंगदाणे बंद. पेलेट, म्हणजे खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या, दिवसाला दोन चमचे पुरे.

प्लॅस्टिकचा पिंजरा

कुरतडून गिळतो, आतडी तुंबतात. एकदाच धातूचा घ्या.

डॉक्टर नंतर शोधणे

प्राणी 15-20 वर्षं जगतो आणि दात जन्मभर वाढतात. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर चिंचिलाचे दात पाहत नाहीत. आणण्याआधी फोन करून विचारा, तपासणी आणि एक्स-रेची फीही विचारा. घरी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर रविवारी वजन करा. 500 ग्रॅमच्या प्राण्याचं 50 ग्रॅम उतरलं, हनुवटी लाळेने ओली दिसली किंवा लेंड्या बारीक झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.