काकांची ४० जीबी: जुनी हार्ड डिस्क नव्या मदरबोर्डला कशी जोडावी

नागपूरच्या महाल भागातलं काकांचं डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं) दुकान बंद झालं तेव्हा माझ्या वाट्याला बुटाचा एक खोका आला. आत दोन हार्ड डिस्क. एक ४० जीबीची, रुंद चपटी केबल लागणारी. दुसरी १६० जीबीची, जरा अलीकडची. "पत्रिका, स्मरणिका, सगळं यातच आहे. काढून दे ना बापा," काका म्हणाले. घरी येऊन कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, तर पहिली डिस्क लावायला मदरबोर्डवर (सगळे भाग जोडले जातात त्या मुख्य पाटीवर) जागाच नव्हती.

असा खोका बऱ्याच घरांत असतो. तो उघडण्याआधी एक गोष्ट पक्की करा: जुनी डिस्क नव्या मशीनमध्ये पाहुणी आहे. तिच्यातलं काढून घ्यायचं आणि तिला बाजूला ठेवायचं. तिच्यावरची विंडोज एक्सपी नव्या मदरबोर्डवर चालू करायच्या भानगडीत पडू नका. नवे बोर्ड डिस्कशी एएचसीआय नावाच्या पद्धतीने बोलतात. एक्सपीजवळ तिचा ड्रायव्हर मुळातच नसतो, त्यामुळे बिघाडाचा निळा पडदा येतो. शिवाय कित्येक नव्या बोर्डांत जुन्या पद्धतीने बूट करायची, म्हणजे मशीन सुरू करायची, सोयच उरलेली नाही.

पहिली पायरी: डिस्कची पाठ बघा

दोन ओळींत ३९-४० पिना आणि शेजारी चार जाड पिनांचं पॉवरचं तोंड असेल, तर ती आयडीई, म्हणजे जोडणीची जुनी पद्धत. इंग्रजी एल अक्षरासारखी दोन चपटी तोंडं, एक लहान आणि एक लांब, असतील तर ती साटा, म्हणजे त्यानंतरची पद्धत. लॅपटॉपमधल्या छोट्या आयडीई डिस्कला ४४ बारीक पिना असतात आणि पॉवर त्यांतूनच जाते.

साटा २००३ च्या सुमारास बाजारात आलं आणि इंटेलने डेस्कटॉपसाठीच्या २००६ च्या आयसीएच८ चिपपासून आयडीईचा आधार काढून टाकला. बोर्ड बनवणाऱ्यांनी वेगळी चिप बसवून तो काही वर्षं रेटला, मग तोही गेला.

साटा असेल तर

काम सोपं आहे. कॉम्प्युटर बंद करा, मेनचं बटण बंद करा, केबल लावा, झालं. पोर्ट कितीही नवा असला तरी तो जुन्या डिस्कच्या वेगाला जुळवून घेतो. काही सुरुवातीच्या साटा डिस्कना पॉवरची दोन तोंडं असतात, जुनं चार पिनांचं आणि नवं. दोन्ही एकदम लावू नका, एकच पुरे.

तरीही डिस्क दिसली नाही तर मदरबोर्डचं माहितीपुस्तक काढा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ नावाच्या खाचेत एसएसडी (न फिरणारी नवी डिस्क) बसवली की एखाद-दोन साटा पोर्ट आपोआप बंद पडतात. मी अर्धा तास केबल बदलत बसलो होतो. शेवटी शेजारच्या पोर्टमध्ये लावली आणि १६० जीबी लगेच दिसली.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) गेलात तर साटाचा मोड बदलू नका, नाहीतर तुमची चालू विंडोजच उठणार नाही. फक्त बूटच्या क्रमात जुनी डिस्क खाली आहे ना, एवढं बघा.

आयडीई असेल तर

खरी गंमत इथे आहे. बर्डीवर दोन दुकानांत हसून घेतलं. "भाऊ, आयडीई आता कोण वापरते?" तिसऱ्याने काउंटरखालच्या डब्यातून ॲडॉप्टर काढून दिला. वाटा तीन आहेत: यूएसबी ॲडॉप्टर, मदरबोर्डच्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसणारं आयडीई कार्ड, किंवा डिस्कच्या पाठीला लागणारी साटाची छोटी पट्टी. माझं मत यूएसबीला. मशीन उघडावं लागत नाही आणि काम झालं की ॲडॉप्टर दुसऱ्याला देता येतो. छोटी पट्टी घेणार असाल तर दुकानात नीट सांगा: डिस्क आयडीई, बोर्ड साटा. उलट्या दिशेने चालणाऱ्या पट्ट्या दिसायला अगदी तशाच असतात.

३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून मिळतात ५. म्हणून ॲडॉप्टरसोबत पॉवरचा वेगळा चार्जर हवाच. नुसती वायर स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका.

मग जंपर. दोन पिनांना जोडणारं ते इवलंसं प्लास्टिक. ॲडॉप्टरवर डिस्क एकटी असते, तेव्हा जंपर मास्टरवर ठेवा. एका केबलवर दोन डिस्क असल्या की मुख्य ती मास्टर आणि दुसरी स्लेव्ह. कोणती जागा कशाची, त्याचा नकाशा डिस्कच्या लेबलवरच छापलेला असतो. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच डिस्कवर 'एकटी' आणि 'स्लेव्हसोबत मास्टर' अशा दोन वेगळ्या जागा असतात. एकटी असताना दुसरी जागा लावली तर डिस्क सापडत नाही आणि माणूस उगाच ॲडॉप्टरला शिव्या देतो.

चार पिनांच्या पॉवरच्या तोंडाचे दोन कोपरे छाटलेले असतात. ते जुळवूनच लावा. जोर करून उलटं घुसवलं तर ५ च्या जागी १२ व्होल्ट जातात आणि डिस्क कायमची संपते. चपटी केबल वापरत असाल तर तिची लाल कड पॉवरच्या तोंडाकडे येते.

आधी डिस्कला पॉवर द्या. कान लावून ऐका. घरघर चढत जाऊन स्थिर झाली की मग यूएसबी लावा. टक-टक, टक-टक असा एकसुरी आवाज आला तर लगेच पॉवर काढा. डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. डिस्क फ्रीजमध्ये ठेवा, टेबलावर आपटा, असले सल्ले ऐकू नका.

नवतपात हे काम दुपारी करू नका. ४५ अंशांच्या खोलीत बिनपंख्याची उघडी डिस्क तासभर फिरली तर हात लावता येत नाही. कूलरच्या झोतासमोरही ठेवू नका, त्या हवेत पाण्याचे तुषार असतात. मी रात्री दहानंतर बसलो, डिस्क लाकडी पाटावर आणि वरून पंखा.

आता सगळ्यात धोक्याचा क्षण

डिस्क जोडली की विंडोज कधीकधी विचारते: वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का? किंवा तिचं डिस्क मॅनेजमेंट हे साधन उघडताच डिस्क इनिशिअलाइझ करायला, म्हणजे कोरी समजून नव्याने मांडायला, सांगते. दोन्ही ठिकाणी रद्द करा. हात सवयीने 'ओके'कडे जातो, म्हणून माउस बाजूला ठेवून आधी वाचा. कॉम्प्युटर सुरू होताना डिस्क तपासायला निघाला तरी एखादी कळ दाबून थांबवा, कारण थकलेल्या डिस्कला ती तपासणी झेपत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये भाग दिसतोय, पण त्याला सी, डी असं ड्राइव्हचं अक्षर नाही? मग राइट क्लिक करून फक्त अक्षर द्या.

यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनाने डिस्कची तब्येत बघा. बदललेले किंवा प्रलंबित सेक्टर (डिस्कवरचे खराब झालेले किंवा संशयित कप्पे) शून्य नसतील तर घाई करा आणि जे सर्वांत हवं ते आधी उतरवा. लिनक्सची सवय असेल तर डीडीरेस्क्यू या साधनाने आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, घ्या आणि मग त्या प्रतिमेतून फाइली काढा. म्हणजे मूळ डिस्क एकदाच वाचावी लागते.

एक्सपीच्या काळातल्या फाइली 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये माणसाच्या नावाच्या फोल्डरात असतात. डेस्कटॉपही तिथेच. परवानगी नाही असं म्हटलं तर 'कंटिन्यू' दाबा आणि थोडं थांबा. मात्र डी ड्राइव्हही बघा. काकांसारखी माणसं सीवर काहीच ठेवत नसत.

फाइल उघडली, पण मजकूर गिचमिड

काकांची पहिली पत्रिका उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. डिस्क खराब झाली असं समजून मी फाइल उडवणारच होतो. डिस्क ठणठणीत होती. युनिकोडच्या (सगळीकडे सारखं दिसणाऱ्या आजच्या टायपिंगच्या) आधीचं मराठी श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव असल्या फॉन्टांत टाइप केलेलं असतं. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की आतली रोमन अक्षरंच दिसतात. म्हणून जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरातलं 'फॉन्ट्स' हे फोल्डरही उतरवून घ्या. आम्ही त्यातले श्री-देव नावाने सुरू होणारे फॉन्ट बसवले आणि वर्डमधल्या फाइली वाचता येऊ लागल्या. पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या फाइली नीट उघडायला शक्यतो पेजमेकरच लागतं. ते नसेल तर त्या तशाच जपून ठेवा.

मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये घ्या आणि मग डोळ्यांनी वाचा. रफार, र्‍य आणि ऱ्हस्व इकार इथे कन्व्हर्टर हमखास घसरतात. आमच्या पहिल्याच पत्रिकेत वराच्या आजोबांच्या नावातला रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसला होता. काकांनी तो चष्मा न लावता पकडला.